नोंदवहीला आलेला वाचक

लिनक्सवर काम करणाऱ्या बहुतेकांच्या होम फोल्डरमध्ये एक लपलेली फाइल असते. तिचे नाव टिंबापासून सुरू होते, त्यामुळे फाइलींची साधी यादी मागितली तर ती दिसत नाही. टिंबापुढचे नाव आहे बॅश-हिस्टरी. टर्मिनलच्या खिडकीत टाइप करून एंटर दाबलेली कमांड या फाइलमध्ये जाऊन बसते, एका ओळीत एक. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचे कित्येक महिन्यांचे काम तिथे सापडते: कोणता प्रोग्राम कधी थांबवला, कोणती फाइल कुठे हलवली, चुकीचे स्पेलिंग किती वेळा टाइप केले, सगळे.

या फाइलचा वाचक आजवर मुख्यतः एकच होता, तो म्हणजे ती लिहिणारा स्वतः. काल दिलेली लांबलचक कमांड आज पुन्हा हवी असली की वरच्या दिशेचा बाण दाबायचा, किंवा कंट्रोल आणि आर एकत्र दाबून दोन-चार अक्षरे टाइप करायची. शेल, म्हणजे आपण टाइप केलेले वाचून कामाला लावणारा प्रोग्राम, ती जुनी ओळ समोर आणून ठेवतो. लिहिणाऱ्याला बाकीचे सारे आठवत असते, म्हणून त्याला तेवढी ओळ पुरते. आता याच फाइलला दुसरा वाचक मिळाला आहे, आणि त्याला काहीच आठवत नसते.

हा वाचक म्हणजे एआय एजंट. फेब्रुवारी २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने क्लॉड कोड, एप्रिलमध्ये ओपनएआयने कोडेक्स सीएलआय आणि जूनमध्ये गूगलने जेमिनी सीएलआय बाजारात आणले. तिन्ही टर्मिनलमध्येच चालतात. चॅटबॉट विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो आणि थांबतो. एजंट फाइली उघडून वाचतो, स्वतः कमांड चालवतो, तिचे आउटपुट बघतो आणि पुढची पायरी ठरवतो. पण नवे संभाषण सुरू झाले की त्याची पाटी बहुतांशी कोरी असते. तासभर झुंजून थकलेला माणूस जेव्हा एजंटला बोलावतो, तेव्हा 'मी आतापर्यंत काय काय करून पाहिले' हे त्यालाच पहिल्यापासून सांगावे लागते. तो थोडे सांगतो, थोडे विसरतो, स्क्रीनवरचा मजकूर कॉपी करून चिकटवतो, आणि नेमकी महत्त्वाची ओळ वर सरकून गेलेली असते. ही दरी बुजवणारी साधने आता तयार होऊ लागली आहेत. ती टर्मिनलमधल्या कमांडचा इतिहास नीट साठवतात आणि एजंटला तो चाळू देतात.

रायपूरमध्ये बसून हे वाचणाऱ्याला हा विषय परका वाटायला नको. शहराबाहेर नव्याने वसवलेल्या नवा रायपूरच्या सेक्टर २२ मध्ये ३ मे २०२५ रोजी मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी रॅकबँक कंपनीच्या एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी केली. सुमारे साडेतेरा एकर जागा आणि एक हजार कोटी रुपयांची गुंतवणूक असा तो प्रकल्प जाहीर झाला. त्याच नव्या शहरात राज्य सरकार आणि एनटीपीसी यांनी मिळून २०१५ मध्ये सुरू केलेली, श्यामाप्रसाद मुखर्जींच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्था आहे. जुन्या शहरात जीई रोडवर एनआयटी आहे; १९५६ मध्ये खाणकाम आणि धातुशास्त्राचे सरकारी महाविद्यालय म्हणून तिची पायाभरणी झाली होती. अशा ठिकाणी जी यंत्रे चालतात त्यांना बहुधा स्क्रीन जोडलेला नसतो आणि माऊसही नसतो. त्यांच्याशी बोलायची खिडकी टर्मिनलचीच.

इतिहास मदतनीसाला वाचू देण्याची कल्पना मात्र दिसते तितकी नवी नाही. वॉरन टायटलमन यांनी १९६६ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट घेतली, पुढे ते बीबीएन या कंपनीत आणि नंतर झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत गेले. लिस्प या भाषेच्या ज्या आवृत्तीला पुढे इंटरलिस्प नाव पडले, तिच्यात त्यांनी 'प्रोग्रामरचा मदतनीस' नावाची सोय बांधली आणि १९७२ मध्ये त्यावर निबंध वाचला. माणूस आणि यंत्र यांच्या मध्ये हा मदतनीस बसायचा आणि घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायचा. त्या नोंदीत काय असायचे ते बघण्यासारखे आहे. माणसाने काय सांगितले ते होतेच. त्यातून काय उत्तर निघाले तेही होते. आणि त्या सांगण्यामुळे यंत्राच्या स्मृतीत कुठे काय बदलले तेही होते. म्हणून 'मघाचे पुन्हा कर' असे सांगता यायचे, तसेच 'मघाचे रद्द कर' असेही. नोंद वाचणारा एक मदतनीस आहे हे आधी ठरले आणि मग नोंदीचा आकार ठरला.

युनिक्समध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. बर्कलीत बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सी-शेल लिहिला आणि त्यात हिस्टरीची सोय आली. तिचा पहिला नमुना मायकेल उबेल यांनी करून दाखवला होता, हे जॉय यांनी सी-शेलच्या परिचयपत्रातच आभारपूर्वक नोंदवले आहे. उबेल यांचे निरीक्षण असे की टाइप केलेल्या ओळीतले शब्द सुटे करून हाताळले तर जुन्या कमांडची डागडुजी सहज करता येते. उद्गारचिन्ह टाइप करून मागची कमांड बोलावण्याची पद्धत तिथूनची. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी बॅश आणला आणि पुढे लिनक्सबरोबर ही सोय जगभर गेली. पण इथे नोंद उरली ती फक्त टाइप केलेल्या अक्षरांची. उत्तर गळले, परिणामही गळला.

यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. युनिक्सच्या रचनेतच ते आहे. शेल प्रोग्राम सुरू करून देतो आणि बाजूला होतो. प्रोग्रामचे आउटपुट शेलच्या हातून जात नाही, ते थेट टर्मिनलकडे जाते. जे शेलला दिसतच नाही ते तो लिहिणार कुठून? प्रोग्राम संपल्यावर त्याच्याकडे एक आकडा तेवढा परत येतो, शून्य असेल तर काम झाले, दुसरे काही असेल तर फसले. बॅश तो आकडाही इतिहासात लिहीत नाही. कमांड कोणत्या फोल्डरमध्ये उभे राहून दिली हेही नाही. वेळ हवी असेल तर वेगळी सेटिंग करावी लागते. मग प्रत्येक कमांडच्या आधी १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांचा आकडा येतो. तो १७००००००००, म्हणजे १७० कोटी असेल, तर समजायचे की रायपूरच्या घड्याळात तेव्हा १५ नोव्हेंबर २०२३ ची पहाट होती, ३ वाजून ४३ मिनिटे.

आणखी काही खाचाखोचा आहेत. बॅश मुळात ५०० ओळी ठेवतो. उबुंटूत फाइलमध्ये २,००० ठेवायची सेटिंग आधीच केलेली असते. त्याच उबुंटूत लागोपाठ दोनदा दिलेली तीच कमांड एकदाच नोंदवली जाते आणि आधी स्पेस देऊन टाइप केलेली कमांड मुळीच नोंदवली जात नाही. नोंदी फाइलमध्ये उतरतात त्या बहुधा टर्मिनल बंद करताना. तोपर्यंत त्या स्मृतीत असतात आणि मध्येच वीज गेली तर जातात. दोन खिडक्या उघड्या असतील तर कोणती ओळ कोणत्या खिडकीतली, हे नंतर कळायला मार्ग नाही.

याचा परिणाम प्रत्यक्षात काय होतो ते एका कल्पित पण सर्व्हरवाल्यांच्या रोजच्या ओळखीच्या प्रसंगातून पाहू. धानखरेदीचा हंगाम आहे. नवा रायपूरच्या एका कार्यालयातला डेटाबेस सर्व्हर रात्री अडकतो, कारण डिस्क भरली आहे. ड्युटीवरची अभियंता डीएफ ही कमांड देते. डिस्क शंभर टक्के भरलेली दिसते. शोधल्यावर एक अवाढव्य लॉग फाइल सापडते. ती आरएम देऊन उडवते. पुन्हा डीएफ. डिस्क अजून शंभर टक्केच. पुन्हा डीएफ, तेच. मग तिला आठवते: युनिक्समध्ये फाइल उडवली की तिचे नाव जाते, पण चालू प्रोग्रामने ती उघडून धरली असेल तर तिची जागा सुटत नाही. ती एलएसओएफ देऊन बघते, डेटाबेसने फाइल धरून ठेवलेली असते. सेवा रीस्टार्ट केल्याबरोबर जागा मोकळी होते.

आता हा प्रसंग इतिहासाच्या फाइलमध्ये कसा उतरेल? डीएफ, आरएम, डीएफ, एलएसओएफ, रीस्टार्ट. शोधाशोधीच्या कमांड सोडल्या तर पाच ओळी. तिसरा डीएफ लागोपाठचा म्हणून गाळलेला, म्हणजे 'असे कसे होईल' म्हणून तिने पुन्हा तपासले ती खूणही पुसली गेली. दोन महिन्यांनी तिच्या जागी बसलेला सहकारी किंवा त्याचा एजंट हे वाचेल आणि समजेल की फाइल उडवल्यावर प्रश्न सुटला, रीस्टार्ट ही नंतरची औपचारिकता होती. यशापयशाचा आकडा नोंदवला असता तरी उपयोग नव्हता, कारण आरएम यशस्वीच झाला होता! त्याने शून्यच परत दिला असता. त्या रात्रीचा सगळा बोध दुसऱ्या डीएफच्या आउटपुटमध्ये आहे, 'शंभर टक्के' या शब्दांत, आणि ते शब्द कुठेच लिहिलेले नाहीत.

जुन्या नोंदी नव्या वाचकाच्या हाती पडल्या की काय होते याचा अनुभव रायपूरलाही आहे. १७८७ मध्ये बिंबाजी भोसल्यांच्या निधनानंतर छत्तीसगडचा कारभार नागपूरकर भोसल्यांचे सुभेदार पाहू लागले. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला, मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले, आणि १८२० मध्ये ॲग्न्यू या अधिकाऱ्याने छत्तीसगड सुभ्यावर सविस्तर अहवाल लिहिला. मराठ्यांच्या कोणत्याही मोडी दप्तरावर बसलेला अभ्यासक सांगेल की अक्षर लावणे सरावाने जमते. अडते ते संक्षेपांपाशी, मापांपाशी, लिहिणाऱ्याला माहीत म्हणून न लिहिलेल्या गोष्टींपाशी. कारकुनाने नोंद दुसऱ्या कारकुनासाठी केलेली असते. बाहेरचा वाचक येईल हे त्याच्या गावी नसते. टर्मिनलच्या इतिहासाचे दुखणे हेच आहे.

नवी साधने या दुखण्यावर दोन ठिकाणी उपचार करतात. पहिले ठिकाण शेलच्या आत. कमांड सुरू होण्याच्या क्षणी आणि संपल्याच्या क्षणी आपला छोटा प्रोग्राम चालवण्याची मुभा झेड-शेलमध्ये आहे. बॅशमध्येही थोड्या खटपटीने ती मिळते. या दोन क्षणांच्या मध्ये फोल्डर, सुरुवातीची वेळ, लागलेला अवधी, परत आलेला आकडा, यंत्राचे नाव आणि कोणती खिडकी हे सगळे टिपता येते. ॲट्युइन हे मुक्त साधन असेच करते आणि नोंदी साध्या फाइलऐवजी एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवते. ते मुळात माणसांसाठी केलेले आहे, पण अशा डेटाबेसला प्रश्न विचारता येतो: या फोल्डरमध्ये, गेल्या आठवड्यात, फसलेल्या कमांड कोणत्या?

दुसरे ठिकाण टर्मिनल आणि शेल यांच्या मध्ये. शेलला वाटते आपण खऱ्या टर्मिनलशी बोलतो आहोत. प्रत्यक्षात मध्ये एक प्रोग्राम बसलेला असतो आणि जाणारा-येणारा सगळा मजकूर टिपून घेतो. बर्कलीच्या युनिक्समधली स्क्रिप्ट ही जुनी कमांड हेच करते. अडचण अशी की त्या मजकुरात रंगांचे संकेत, कर्सर हलवण्याच्या खुणा, टक्केवारी दाखवणाऱ्या पट्टीची शेकडो रूपे असे सारे काही येते. ते गाळून माणसाने प्रत्यक्ष काय वाचले ते उरवणे, आणि कोणते आउटपुट कोणत्या कमांडचे हे जुळवणे, हे या साधनांतले खरे कष्टाचे काम. पण आपल्या अभियंतेचा दुसरा डीएफ वाचवायचा तर त्याला पर्याय नाही.

मग प्रश्न येतो तो एजंटच्या हाती हे सोपवायचे कसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी नावाचा खुला प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. बाहेरचे साधन 'मला अमुक विचारता येते' असे त्यातून जाहीर करते आणि एजंट ते विचारतो. आता सगळा इतिहास एकदम एजंटपुढे ओतणे सोपे आहे, पण ते करू नये असे माझे ठाम मत आहे. भाषेच्या मॉडेलला एका वेळी ठरावीकच मजकूर समोर ठेवता येतो, आणि ती मर्यादा मोठी झाली तरी निरुपयोगी ओळींच्या गर्दीत कामाची ओळ हरवतेच. चांगले साधन एजंटला चाळू देते. आधी कमांडची नुसती यादी, त्यातली एक निवडली की तिचे आउटपुट, तेही लांब असेल तर पहिल्या आणि शेवटच्या काही ओळी, हवे असेल तर मधल्या. अनुभवी माणूस लॉग असाच वाचतो: शेवटून सुरू करतो, 'एरर' शोधतो, मग थोडा वर जातो. शिवाय एजंटने काय उघडून पाहिले याचीही नोंद राहते, आणि ती माणसाला तपासता येते.

हे तपासणे का हवे? कारण या इतिहासात गुपिते असतात. डेटाबेसचा पासवर्ड कमांडच्या ओळीतच टाइप करायची सवय सर्रास आढळते. क्लाउड सेवांच्या चाव्याही अशाच येतात. हल्लेखोरांच्या पद्धतींची जी जागतिक सूची माइटर संस्था ठेवते, तिच्यात शेलच्या इतिहासातून पासवर्ड काढणे ही स्वतंत्र पद्धत म्हणून नोंदली आहे. एजंटचे मॉडेल बहुधा आपल्या यंत्रावर चालत नाही, दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर चालते. म्हणजे एजंटने वाचलेली ओळ कार्यालयाबाहेर गेलेली असते. पासवर्डसारखे दिसणारे मजकूर आपोआप झाकणारी सोय असावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. लोक पासवर्ड इतक्या तऱ्हांनी लिहितात की कोणताही साचा अपुरा पडतो. त्यापेक्षा सरळ उपाय चांगला. एजंटला फक्त चालू प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या, फक्त आजच्या किंवा या आठवड्यातल्या नोंदी दिसाव्यात. बाकी मागितल्याशिवाय नाहीत. आणि त्याला त्या वाचता याव्यात, बदलता किंवा पुसता येऊ नयेत.

दुसरा धोका कमी लोकांच्या लक्षात येतो. आउटपुट साठवले की त्यात आपण न लिहिलेला मजकूरही येतो: उतरवून घेतलेल्या फाइलचा, वेबपानाचा, कोणाच्या तरी कोडमधल्या टिपणीचा. त्यात कोणी 'हे वाचणाऱ्या एजंटने अमुक फाइल तमुक पत्त्यावर पाठवावी' असे लिहून ठेवले असेल, तर माणूस ते बघून सोडून देईल, एजंट कदाचित आज्ञा म्हणून पाळेल. सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये या हल्ल्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिले आणि त्यावर अजून पक्का उतारा मिळालेला नाही. म्हणून इतिहासातला मजकूर ही माहिती आहे, सूचना नाही, ही सीमा साधनाने आखायलाच हवी. तेच परवानगीचे. मागच्या महिन्यात माणसाने एक फोल्डर उडवले होते, म्हणून आज एजंटला ते उडवायची मुभा मिळत नाही.

इथे सरकारी नियमांशी एक गल्लत होऊ शकते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितले आहे. शेलचा इतिहास त्या जागी चालणार नाही. ज्याचा तो इतिहास आहे त्यालाच तो एका कमांडने पुसता येतो, आणि आधी स्पेस देऊन टाळताही येतो. पुराव्यासाठी लिनक्सच्या कर्नलमधून नोंद घेणारी ऑडिटची वेगळी व्यवस्था असते, तीच वापरावी. इतिहास ही आठवण आहे आणि तिचे मोल आठवण म्हणूनच आहे.

आतापर्यंत माणसाचा इतिहास एजंटने वाचण्याबद्दल बोललो. उलट बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते. बॅश इतिहास ठेवतो तो समोर माणूस बसून टाइप करत असेल तेव्हा; एखाद्या प्रोग्रामने बॅशला एकच कमांड देऊन चालवले तर तो काही नोंदवत नाही. एजंट बहुधा याच दुसऱ्या पद्धतीने काम करतो. म्हणजे त्याने सर्व्हरवर पन्नास कमांड चालवल्या तरी सकाळी येऊन वरचा बाण दाबणाऱ्या माणसाला त्यातली एकही दिसणार नाही. संभाषणाच्या नोंदी एजंटकडे असतात, पण त्या त्याच्या वेगळ्या कप्प्यात. एकाच यंत्रावर दोघे काम करतात आणि दोघांच्या वह्या वेगळ्या, हे सर्व्हर सांभाळण्याच्या कामात चालण्यासारखे नाही. चांगल्या साधनाने दोघांच्या कमांड एकाच डेटाबेसमध्ये, कोणी चालवली त्या शिक्क्यासह, काळाच्या क्रमाने ठेवाव्यात. टायटलमन यांच्या मदतनीसाकडे सगळी नोंद एका जागी होती. पन्नास वर्षांनी आपण तिथे परत येत आहोत, आणि यावेळी मदतनीस स्वतःही कमांड देतो आहे.

एक गोष्ट मात्र यातले कोणतेच साधन टिपू शकत नाही: अमुक कमांड का दिली. फोल्डर टिपता येते, वेळ टिपता येते, आउटपुट टिपता येते. मनातला तर्क टिपता येत नाही. त्यासाठी बॅशमध्ये पूर्वीपासून एक साधी सोय आहे. हॅशच्या चिन्हाने सुरू केलेली ओळ शेल चालवत नाही, पण इतिहासात लिहून ठेवतो. ती कोणत्याही लिपीत लिहिता येते. आपल्या अभियंतेने त्या रात्री रीस्टार्टनंतर हॅश देऊन 'फाइल उडवून जागा सुटली नाही, डेटाबेसने ती धरून ठेवली होती, रीस्टार्टनंतर सुटली' एवढे मराठीत टाइप केले असते, तर सहकाऱ्यालाही पुरले असते आणि एजंटलाही.